नकाशा तेवढा गेला

१

नोंदणी कचेरीच्या बाकावर बसून वकीलबाईंनी हिरवी फाइल उघडली, कागद एकदा चाळले, दुसऱ्यांदा चाळले आणि मग चष्मा काढून पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

"काय झालं?" टेलरबाईंनी विचारलं.

"नकाशा नाहीये."

बाहेर तळ्यावरून आलेलं धुकं होतं. ते कचेरीच्या खिडक्यांना येऊन टेकलं होतं आणि दिवे लागलेले असूनही आतली माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती. टेलरबाईंच्या एका बाजूला बोलण्याच्या शाळेचे अध्यक्ष बसले होते आणि दुसऱ्या बाजूला मोजणीबाई. मोजणीबाईंनी छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली होती. हरवलेला नकाशा त्यांच्याच हातचा होता, त्यामुळे त्यांना कुणीतरी आपल्या ताटातली पोळी उचलून नेल्यासारखं वाटलं.

"दानपत्र आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. सहीसकट."

"जागेच्या किमतीचा अहवाल?"

"तोही आहे. नकाशा तेवढा गेलाय."

खिडकीमागच्या कारकुनाने मान हलवली. "सही-शिक्क्याचा नकाशा जोडल्याशिवाय दस्त होणार नाही. नवीन मागवा, आठ दिवस लागतील."

"आठ दिवस?" अध्यक्ष उभेच राहिले. एरवी त्यांच्या जिभेवर साखर असायची, आज ती विरघळली. "पंधरा तारखेच्या आत व्हायलाच हवं हे! नंतर जोडला नकाशा तर नाही चालणार?"

"नाही चालणार."

मोजणीबाईंनी फाइल मांडीवर घेतली. "तुम्ही उघडलीत तेव्हा हिची नाडी कशी होती?" त्यांनी वकीलबाईंना विचारलं.

वकीलबाई आठवू लागल्या. "गुंडाळलेली. दोन-तीन वेढे आणि टोक आत खोचलेलं."

"गाठ?"

"गाठ नव्हती."

टेलरबाईंनी मैत्रिणीकडे पाहिलं. "काल सह्या झाल्यावर मी स्वतः बांधली होती," त्या हळूच म्हणाल्या. "सुरगाठ मारून. पन्नास वर्षं शिवणकाम केलंय मी. नुसतं टोक खोचून सोडणारी बाई नाही मी."

म्हणजे फाइल कुणीतरी उघडली होती. आणि ते कुणीतरी काल टेलरबाईंच्या घरात चहा प्यायलं होतं.

२

टेलरबाईंची जागा म्हणजे एके काळी नुसती दलदल होती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ती एका शिलाई मशीनच्या किमतीत घेतली, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. मोजणीबाई तेव्हा नोकरीत नव्या होत्या. गुडघाभर चिखलात साखळी ओढत त्यांनी ती जागा मोजली. टेलरबाईंनी त्यांना पाय धुवायला गरम पाणी दिलं, आणि दोघींची मैत्री झाली ती तिथे.

मग तळ्याकाठी रस्ता आला, रस्त्यामागून हॉटेलं आली, आणि बेडकांच्या त्या तुकड्याला सोन्याचा भाव आला. टेलरबाई मात्र होत्या तशाच राहिल्या. पुढच्या खोलीत मशीन, मागे दोन खोल्या, आणि पाण्याच्या बाजूने एक लांब व्हरांडा.

त्यांची थोरली बहीण शेवटची तीन वर्षं अर्धांगवायूने मुकी झाली होती. बोलण्याच्या शाळेने तिला चाळीस शब्द परत मिळवून दिले. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने त्यातला एक वापरून धाकटीला हाक मारली होती. टेलरबाईंनी जागा त्या शाळेला द्यायचं ठरवलं ते तेव्हाच.

"विकून पैसे द्या की," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण वकीलबाईंनी हिशेब समजावून सांगितला होता. विकली तर वाढलेल्या किमतीवर कर बसणार, आणि उरेल तेवढंच शाळेला जाणार. जागाच दिली तर ती आख्खीच्या आख्खी जाते. टेलरबाईंना हे पटलं. कापड फुकट कातरायला त्यांना आवडत नसे.

काल दुपारी तीनला सह्या झाल्या. फाइल मशीनशेजारच्या टेबलावर राहिली. चहाला अध्यक्ष होते, वकीलबाई होत्या, टेलरबाईंचा भाचा होता. शाळेतली शिक्षिका होती आणि तिच्याबरोबर तिचा एक विद्यार्थी, अनाउन्सर. वय साठीचं. जंक्शनवर तीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात कोटाच्या खिशात गेला तो तिथेच राहिला, आणि शब्द कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही.

चहानंतर सगळे पुढच्या खोलीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून खोलीत जात-येत राहिले. सहाला वकीलबाईंनी फाइल पिशवीत घातली. मधल्या दोन तासांत कुणीही एकटं आत जाऊ शकलं असतं.

"आणि तू?" टेलरबाईंनी विचारलं. "तू तर दाराशीच होतीस की गं."

मोजणीबाई फाइलीची नाडी गुंडाळू लागल्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुपारची झोप अशी लागे की जणू कुणी दोर सोडून होडी ढकलून दिली. काल त्या वेताच्या खुर्चीत पडल्या होत्या. तळं चमकत होतं, आणि त्यांना स्वप्न पडलं होतं. पाण्यावर एक प्लॅटफॉर्म, सगळे ओळखीचे लोक सामान घेऊन उभे, आणि वरून कुठूनतरी एक खर्जातला आवाज: कृपया लक्ष द्या, कृपया लक्ष द्या, गाडी रद्द.

छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत डोळ्यांत तेल घालून काम केलेल्या बाई चोरीच्या वेळी चोरापासून चार पावलांवर होत्या, आणि चक्क घोरत होत्या.

३

पहिला संशय कुणावर जाणार हे उघड होतं. भाच्याचा होड्या भाड्याने द्यायचा धंदा होता आणि त्याची शेड टेलरबाईंच्या हद्दीत दोन हात आत होती. ते नकाशात स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या कुठल्याच कागदात त्या शेडचा उल्लेख नव्हता.

मोजणीबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच तळ्यावर गेल्या. धुक्यातून आधी हातोड्याचा आवाज आला, मग भाचा दिसला.

"या मोजणीमावशी. मला पकडायला आलात ना?"

"पकडायला नाही. विचारायला."

"विचारा." तो होडीच्या काठावर बसला. "मावशीने सगळं दान करू नये असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? एवढी जागा. माणूस आहे, जीव अडकतो. पण आईने शेवटी मलाही हाक मारली होती, मावशी. त्या चाळीसातला एक शब्द माझा होता."

त्याने हातोड्याने मागे दाखवलं. मग म्हणाला, "आणि शेडसाठी म्हणत असाल, तर ही बघा."

मोजणीबाईंनी पाहिलं. शेडच्या फळ्या उतरवून रचून ठेवल्या होत्या. अर्धा सांगाडा पलीकडच्या किनाऱ्यावर उभा राहिला होता. पाणी मागे हटल्यामुळे होड्या चिखलात रुतत होत्या, म्हणून महिन्याभरापासून तो जागा बदलत होता. जी शेड आपणच मोडतोय, ती लपवायला नकाशा कोण चोरेल?

"परवा खोलीत आत कोण गेलं होतं, आठवतंय?"

"सगळेच. अध्यक्ष फोनवर बोलायला गेले. शिक्षिका पाणी आणायला. अनाउन्सरकाका खुर्ची शोधत. मी कप ठेवायला." तो हसला. "कप ठेवले तर मावशी म्हणाली, विसळून ठेव."

मोजणीबाई काठाकाठाने परत निघाल्या. दव पडलेल्या गवतातून चालताना त्यांचा पाय कशाला तरी अडखळला. त्यांनी वाकून पाहिलं. जमिनीत ठोकलेली खुंटी होती, डोक्याला लाल रंग लावलेली. दहा पावलांवर दुसरी. मग तिसरी, काटकोनात.

ही त्यांची मोजणी नव्हती. त्यांनी खुंट्यांवरून नजर फिरवली आणि धुक्यात त्यांना एक इमारत उभी राहिलेली दिसली. लांब, दुहेरी, मधोमध मोठं दार. कुणीतरी दान होण्याआधीच या जागेवर पाया आखून ठेवला होता.

४

"खुंट्या होय?" टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या. "अध्यक्षांनी माणसं पाठवली होती गं मागच्या महिन्यात. झाडं लावायची म्हणाले, विद्यार्थ्यांना सावली होईल."

"झाडं काटकोनात लावत नाहीत."

टेलरबाईंचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला.

मोजणीबाईंनी त्यांना आणखी काही सांगितलं नाही. खात्री नसताना रेघ मारायची नाही, ही त्यांची जुनी सवय. त्या अध्यक्षांच्या घरी गेल्या. अध्यक्षांनी त्यांना मऊ सोफ्यावर बसवलं, तब्येतीची चौकशी केली, नातवंडांची चौकशी केली. मोजणीबाईंना नातवंडं नव्हती.

"नकाशा कधी मिळेल, बाई? आपली खात्यात ओळख असेलच."

"आठ दिवसांनी. इतकी घाई का?"

"शुभ कामाला उशीर कशाला?"

उत्तर गोड होतं, पण मोजणीबाईंना ते पोकळ लागलं. तरीही एक गोष्ट जमत नव्हती. अध्यक्षांच्या पोटात काहीतरी होतं खरं, पण नकाशा चोरून त्यांना काय मिळणार? दस्त लवकर व्हावा म्हणून तेच सगळ्यांत जास्त तडफडत होते. जो घाईत आहे तो स्वतःच्याच गाडीची चाकं काढत नाही.

तिथून त्या मोजणी खात्यात गेल्या, नव्या नकाशाचा अर्ज द्यायला. काउंटरवरचा माणूस त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने आवक नोंदवही पुढे केली आणि चहा सांगायला उठला. नोंद करायला त्यांनी पान उलटलं, तर तीन आठवड्यांपूर्वीची एक ओळ समोर आली. त्याच जागेची मोजणी मागणारा अर्ज. अर्जदार, तळ्याच्या पलीकडचं मोठं हॉटेल. संमती देणारा, बोलण्याच्या शाळेचे अध्यक्ष, 'भावी मालक' म्हणून.

मोजणीबाईंचा चहा गार झाला.

म्हणजे सौदा ठरला होता. पण मग नकाशा कुणी नेला? ज्याला सौदा मोडायचा होता, त्याने दानपत्रच का नाही फाडलं? दानपत्र वर होतं. अहवाल त्याखाली. नकाशा सगळ्यांत तळाशी, चार घड्यांचा. दोन्ही महत्त्वाचे कागद बाजूला सारून कुणी परत मिळण्याजोगा नकाशा उचलतं? मूर्ख चोर म्हणावा, तर त्याने फाइल किती जपून परत गुंडाळली होती.

घरी येऊन त्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटताच तोच प्लॅटफॉर्म, तेच पाणी. या वेळी आवाज जरा जवळून आला, आणि तो आवाज घाबरलेला होता.

५

बोलण्याची शाळा एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरत असे. जिन्यातून वर चढतानाच मोजणीबाईंना शब्द ऐकू आले. मोठी माणसं मुलांसारखे शब्द उच्चारत होती. पाणी. दार. उद्या. उद्या. उद्या.

शिक्षिका तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं असलेली. "माझ्यावर संशय आहे का?" तिने थेट विचारलं.

"असायला हवा का?"

"मीही आत गेले होते. पण ती जागा मिळाली तर या लोकांना खिडकीतून तळं दिसेल. इथून फक्त समोरची भिंत दिसते. मी कशाला मोडता घालीन?"

टेबलावर एक जाड वही उघडी होती. प्रत्येक पानावर चित्रं. कप, चप्पल, बस, डॉक्टर.

"हे कशाला?"

"झटक्यानंतर काहींचं बोलणंच नाही, वाचणंही जातं. अक्षरं दिसतात, पण मुंग्या दिसाव्यात तशी. लिहायलाही जमत नाही. पण चित्र कळतं. म्हणून प्रत्येकाला अशी वही असते, बोट ठेवून सांगायला."

मोजणीबाईंनी चष्मा वर सरकवला. "अक्षरं कळत नाहीत. चित्र कळतं."

"हो. आणि बाकी सगळं कळतं. हेच लोकांच्या लक्षात येत नाही. लोक यांच्यासमोर बोलतात ते कपाटासमोर बोलावं तसं."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. खर्जातला, स्वच्छ, छतावरून पडावा तसा.

"कृपया लक्ष द्या. कृपया लक्ष द्या. गाडी रद्द."

मोजणीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हे... हे कोण?"

"आमचे अनाउन्सर. घोकलेलं तेवढं शाबूत राहतं बघा. शिव्या, आकडे, गाणी. यांच्या तोंडून घोषणा येतात. परवा चहाच्या वेळीही टेलरबाईंसमोर तीनदा म्हणाले. सगळे हसले. टेलरबाई म्हणाल्या, काका, कुठली गाडी हो?"

"कधीपासून म्हणतायत?"

"महिना झाला असेल. रोज. मी वहीत लिहितेय, उच्चारात प्रगती." ती हसायला गेली, पण मोजणीबाईंचा चेहरा पाहून थांबली. "का? काय झालं?"

"मुली," मोजणीबाई म्हणाल्या, "मला वाटत होतं मी स्वप्न पाहिलं. तो माणूस महिनाभर धोक्याची सूचना देतोय."

६

अनाउन्सर खिडकीशी बसले होते. समोर भिंत, तरी ते तिच्याकडे असे पाहत होते की त्या भिंतीतून आता एखादी गाडी येणार आहे. मोजणीबाई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. आवाज चढवला नाही, लहान मुलाशी बोलावं तशा बोलल्या नाहीत.

"मी माझा हिशेब सांगते. चुकला तर मान हलवा. फाइलीची नाडी सोडायला एक हात पुरतो, ओढली की सुटली. पण सुरगाठ परत मारायला दोन हात लागतात. चोराकडे एकच होता, म्हणून त्याने वेढे देऊन टोक खोचलं. दुसरं म्हणजे, त्याने दानपत्र सोडलं, अहवाल सोडला. सोडला नाही, त्याला ते ओळखूच आले नाहीत. सगळ्या कागदांत त्याला कळेल असा एकच होता, कारण ते चित्र होतं. त्यात तळं होतं, घर होतं, काठ होता. तिसरं, तो आधी बोलून पाहत होता. सगळे हसले, तेव्हा त्याने कागद उचलला."

अनाउन्सरांनी मान हलवली नाही. त्यांनी डावा हात लांब करून आपली चित्रांची वही उचलली, मधलं पान काढलं. कप आणि चप्पल यांच्यामध्ये नकाशा घड्या घालून ठेवला होता.

शिक्षिकेने तोंडावर हात ठेवला.

"आता का ते सांगा," मोजणीबाई म्हणाल्या. "मला अर्धं माहीत आहे. पण मला ते तुमच्याकडून ऐकायचंय. मला वेळच वेळ आहे."

अनाउन्सरांनी नकाशा मांडीवर पसरला. तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, आणि काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न. पुन्हा काही नाही. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मुठीने गुडघ्यावर मारलं.

मग शिक्षिका पुढे आली. टेबलावर बोटांनी एक ठेका धरला, सावकाश, रेल्वेच्या घोषणेचाच. "त्याच सुरात, काका," ती म्हणाली. "शब्द बदला. सूर तोच ठेवा."

टक. टक. टक टक.

"कृपया... लक्ष द्या," अनाउन्सर म्हणाले. दीर्घ श्वास घेतला. "तळ्याकाठून... सुटणारी... जागा." बोट नकाशावर टेलरबाईंच्या घरापासून निघालं, पाण्याच्या कडेने पलीकडे सरकलं. "अध्यक्षांच्या... मेहुण्याच्या... हॉटेलकडे... जाणारी..."

ठेका चालू राहिला. शिक्षिकेच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण बोटं चुकली नाहीत.

"निम्म्या... तिकिटात."

पलीकडे कुणीतरी अजून 'उद्या' म्हणत होतं.

"रद्द," अनाउन्सर म्हणाले. "रद्द... करा."

७

दुसऱ्या दिवशी टेलरबाईंच्या व्हरांड्यात सगळे जमले. मोजणीबाईंनी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. नकाशा, मोजणी खात्याच्या नोंदीची नक्कल आणि लाल डोक्याची एक खुंटी.

अध्यक्षांनी नक्कल वाचली, खुंटीकडे पाहिलं, आणि हॉटेल मेहुण्याचं आहे आणि पंधरा तारखेला त्याला जागा द्यायचं ठरलंय हे कबूल करायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. सौद्याचा फोन त्यांनी शाळेच्या दाराबाहेरच केला होता, बाकावर बसलेल्या एका मुक्या माणसाच्या देखत.

"पण यात गुन्हा काय?" ते म्हणाले. "शाळेला रोख पैसा लागतो. नुसत्या तळ्याकडे बघून पगार होत नाहीत. दान मिळालेली जागा संस्था विकू शकते."

"विकू शकते," टेलरबाई म्हणाल्या. "मला आधी सांगितलं असतंत की विकावी लागेल, तर मी नाही म्हटलं नसतं. पण तुम्ही मला म्हणालात इथे वर्ग भरतील. झाडं लावू म्हणालात. आणि आतून निम्म्या भावात घरच्या माणसाला. माझी नाही हो, त्या जिन्यावरच्या माणसांची निम्मी जागा तुम्ही खाल्लीत."

"आणि दानाआधीच सौदा पक्का असेल," वकीलबाईंनी पुस्ती जोडली, "तर विकणाऱ्या टेलरबाईच, असंही कर खातं म्हणू शकतं. दान शाळेला, जागा मेहुण्याला, आणि कराची नोटीस यांच्या दाराला."

अध्यक्ष उठून निघून गेले. संध्याकाळी त्यांचा राजीनामा आला, तब्येतीचं कारण देऊन. कार्यकारिणीने तो अर्ध्या मिनिटात मंजूर केला.

"नकाशाच्या चोरीचं काय करायचं?" भाच्याने विचारलं.

"कुठली चोरी?" टेलरबाई म्हणाल्या. "काकांनी वाचायला नेला होता."

अनाउन्सर व्हरांड्याच्या टोकाला बसले होते. मोजणीबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. तळ्यावर ऊन पसरलं होतं आणि पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडचा किनारा दोनदा दिसत होता, एकदा वर आणि एकदा खाली. मोजणीबाईंना वाटलं, असं कुणाबरोबर न बोलता बसून किती वर्षं झाली. त्यांना झोप येत होती, आणि पहिल्यांदाच त्यांनी ती अडवली.

वकीलबाईंनी दानपत्र नव्याने लिहिलं. टेलरबाई असेपर्यंत घरात राहतील. व्हरांड्यात वर्ग याच महिन्यापासून भरतील. पुढे शाळेला जागा विकावीशी वाटलीच, तर सगळ्या कार्यकारिणीसमोर, त्या दिवसाच्या खऱ्या किमतीला, जाहीर बोली लावून. आणि दोन साक्षीदारांपैकी एक कोण असावा हे टेलरबाईंनी स्वतः सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा नोंदणी कचेरीत गेले. निबंधक घाईत होते. त्यांनी नकाशा तपासला, शिक्के तपासले, टेलरबाईंना विचारलं, स्वखुशीने देताय ना. मोजणीबाईंनी पहिली साक्ष केली. मग दुसरा साक्षीदार टेबलापुढे आला. उजवा हात खिशात. निबंधकांनी त्याच्या वाकड्या ओठांकडे पाहिलं, आणि नजर त्याच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या बायकांकडे गेली.

"हे बोलत नाहीत वाटतं," ते म्हणाले. "दस्तात काय आहे ते यांना कळलंय का?"

वकीलबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मोजणीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. शिक्षिका पुढे झाली नाही, तिने ठेकाही धरला नाही. टेलरबाई जमिनीकडे पाहत उभ्या राहिल्या. निबंधकांनी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा त्या चौघींकडे. कुणीच काही बोलेना. तेव्हा नाइलाजाने त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहिलं.

अनाउन्सर वाट पाहत होते. त्यांनी श्वास घेतला. यात कुठलीही घोषणा नव्हती, कुठलाही सूर नव्हता.

"मला," ते म्हणाले, "सगळं... कळतं."

निबंधकांनी पेन उचलून त्यांच्या डाव्या हातात दिलं.